जनुक बदललेल्या डुकराच्या ऊतीची हृदयझडप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या रुग्णांकडून, नातेवाइकांकडून आणि आशाताईंकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी एकदा सांगितलेलं पुन्हा लिहिलेलं नाही, संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उत्तरांत औषधांची नावं आणि मात्रा येतात त्या समजण्यासाठी. स्वतःच्या गोळ्या त्यावरून बदलू नका.

१. "वॉल बदलला" म्हणतात, तेव्हा आत नेमकं काय बसवतात?

हृदयात चार झडपा असतात. आपल्याकडे बदलाव्या लागतात त्या बहुतेक डाव्या बाजूच्या दोन, माइट्रल आणि एओर्टिक. नवी झडप दोन जातींची असते. एक यांत्रिक. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत तयार झालेली आणि १९९०पासून वापरात असलेली चित्रा झडप या जातीची: कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूची चौकट आणि त्यात कलती होणारी प्लास्टिकची चकती. ती झिजत नाही, पण तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. दुसरी ऊतीची, म्हणजे डुकराची एओर्टिक झडप किंवा गोवंशीय जनावराच्या हृदयाभोवतीचं आवरण, रसायनात पक्कं करून चौकटीवर शिवलेलं. हिला सहसा जन्मभर गोळी लागत नाही (अपवाद प्रश्न ९ मध्ये), पण ती साधारण १० ते १५ वर्षांत खराब होते. तरुणांत त्याहून लवकर.

२. डुकराची झडप तर आधीपासून बसवतात. मग यात नवीन काय?

फ्रान्सचे सर्जन अलँ कार्पांतिए यांनी १९६०च्या दशकात डुकराची झडप ग्लुटाराल्डिहाइडमध्ये पक्की करून वापरायची पद्धत रूढ केली. आजच्या जवळपास सगळ्या ऊतीच्या झडपा त्याच वाटेने येतात. ग्लुटाराल्डिहाइड प्रथिनांचे धागे एकमेकांना बांधतं, पेशी मारतं आणि ऊती टिकाऊ करतं. मात्र ऊतीच्या पृष्ठभागावरच्या काही साखरा ते पुरत्या झाकत नाही. नव्या प्रयत्नात या साखरा नंतर झाकत बसण्याऐवजी त्या बनूच नयेत असं डुक्कर तयार करतात आणि त्याची ऊती वापरतात. बाकी झडप दिसायला आणि बसवायला तशीच.

३. जनुक बदललेलं म्हणजे बीटी कापसासारखं का?

बीटी कापसात जिवाणूचं जनुक बाहेरून घातलेलं असतं. इथे काम उलटं आहे: डुकराची स्वतःची तीन जनुकं बंद केली जातात. जीजीटीए१, सीएमएएच आणि बी४गॅलएनटी२ अशी त्यांची नावं. प्रत्येक जनुक एकेक साखर बनवणारं विकर तयार करतं.

काम असं चालतं. डुकराच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांतली ही जनुकं क्रिस्पर तंत्राने तोडतात. तोड नीट बसलेली पेशी निवडून तिचं केंद्रक, स्वतःचं केंद्रक काढून टाकलेल्या बीजांडात घालतात आणि वाढलेला भ्रूण डुकरिणीच्या गर्भाशयात ठेवतात. सुमारे ११४ दिवसांनी पिल्लं होतात. बरेच भ्रूण टिकत नाहीत. एकदा कळप उभा राहिला की पुढची पैदास नेहमीच्या पद्धतीने होते. जीजीटीए१ बंद असलेली पहिली डुकरं २००२च्या सुमारास, क्रिस्पर यायच्या कितीतरी आधी, जुन्या आणि किचकट पद्धतीने झाली होती.

४. साखरेचं एवढं काय? झडप तर मेलेली असते ना?

पेशी मेल्या तरी त्यांच्या पृष्ठभागावरची रसायनं जागेवरच राहतात आणि आपली रोगप्रतिकारशक्ती ती ओळखते. पहिली साखर अल्फा-गॅल. डुक्कर, गाय, म्हैस, शेळी सगळ्यांत ती असते. माणूस, चिंपांझीसारखे वानर आणि आफ्रिका-आशियातली माकडं यांच्यात नसते. आपल्या आतड्यांतल्या जिवाणूंवर मात्र तशीच साखर असते, म्हणून लहानपणापासूनच तिच्याविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात तयार असतात. रक्तात फिरणाऱ्या आयजीजी या प्रकारच्या प्रतिपिंडांपैकी सुमारे १ टक्का याच कामाची असतात, हे प्रमाण थोडं नाही. दुसरी साखर एनयू५जीसी, जी माणसाने उत्क्रांतीत गमावली. तिसरी एसडीए.

ही प्रतिपिंडं झडपेला चिकटली की सूक्ष्म दाह चालू राहतो आणि त्या जागी कॅल्शियम साचायला मदत होते. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कार्पांतिए सहभागी असलेल्या प्रयोगात उंदरांच्या त्वचेखाली ऊतीचे तुकडे ठेवले. माणसाची अल्फा-गॅलविरोधी प्रतिपिंडं सोबत दिल्यावर साध्या डुकराच्या ऊतीत कॅल्शियम वाढलं, जीजीटीए१ बंद असलेल्या ऊतीत तसं वाढलं नाही. सगळा डोलारा या निरीक्षणावर उभा आहे.

कॅल्शियम साचण्याची कारणं मात्र एवढीच नाहीत. ऊतीतले मेदद्रव्याचे अवशेष, ग्लुटाराल्डिहाइडची उरलेली मोकळी टोकं, दर ठोक्याला बसणारा ताण, मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, धूम्रपान यांचाही वाटा असतो. जनुक बदलून यांतलं एकच कारण दूर होतं. "आता झडप जन्मभर टिकणार" असं कोणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

५. ऊतीची झडप खराब होते म्हणजे काय होतं, आणि आधी कळतं का?

दोन प्रकार. पाती कॅल्शियमने कडक होतात, नीट उघडत नाहीत आणि रक्ताची वाट अरुंद होते. किंवा पातं टाक्यापाशी फाटतं आणि रक्त मागे गळतं. कडक होणं वर्षानुवर्षं चालतं, फाटणं अचानक होऊ शकतं. श्वास लागण्याच्या बरंच आधी इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीत) दिसतं, पण शस्त्रक्रियेनंतर लवकर केलेला पहिला इको जवळ असेल तरच तुलना करता येते. तो कागद जपा. तरुण रुग्णाने त्यानंतर दरवर्षी इको करावा. जिना चढताना नवी धाप, पायांवर सूज, रात्री उशी वाढवून झोपावं लागणं असं काही जाणवलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

६. ही झडप आज कुठे मिळते? संभाजीनगर, लातूर, नाहीतर पुण्या-मुंबईत?

कुठेही नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०२० मध्ये अल्फा-गॅल नसलेल्या 'गॅलसेफ' डुकराला मंजुरी दिली, त्यामुळे गैरसमज झाला. ती मंजुरी त्या जनुकीय बदलाला आणि मांस खाण्याला होती. त्या डुकरापासून झडप बनवून माणसात बसवायची तर वेगळी परवानगी लागते.

भारतात हृदयझडप 'ड' वर्गाचं, म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या गटातलं वैद्यकीय उपकरण आहे आणि तिला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेचा परवाना लागतो. आज कोणी जादा पैसे घेऊन "जीन बदललेला वॉल" देतो म्हणत असेल, तर खोक्यावरचा परवाना क्रमांक मागा.

७. मुलगी १९ वर्षांची आहे. सांध्याच्या तापाने झडप गेली. नवी झडप येईपर्यंत थांबू का?

थांबू नका. हृदय एकदा फुगून थकलं की उत्तम झडप बसवूनही ते पूर्ववत होत नाही. हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून उत्तर लांब आहे.

सांध्याचा ताप म्हणजे ऱ्हुमॅटिक ताप. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूच्या संसर्गानंतर शरीर स्वतःच्याच झडपांवर उलटतं. दर वेळी घसा धरला की इजा वाढत जाते. म्हणून पहिलं काम दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, ज्याला आपल्याकडे पेनिड्युर म्हणतात. मोठ्यांना १२ लाख युनिट, कमी वजनाच्या मुलांना ६ लाख. झडपेला इजा झालेली असेल तर शेवटच्या झटक्यानंतर १० वर्षं किंवा वयाच्या चाळिशीपर्यंत, यांतला जो काळ जास्त असेल तोपर्यंत. झडप बदलल्यावरही ते चालू राहतं. "ऑपरेशन झालं, आता सुई कशाला" म्हणून बंद करणारे पुष्कळ आहेत. बाकीच्या झडपा त्याच हृदयात असतात, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

दुसरं काम, झडप वाचते का ते पाहणं. माइट्रल झडप अरुंद झाली असेल, पाती लवचिक असतील, गळती फार नसेल आणि डाव्या कर्णिकेत गुठळी नसेल, तर मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन ती उघडता येते. गळती असेल तर दुरुस्ती होते का, हे सर्जनला स्पष्ट विचारा. स्वतःची दुरुस्त केलेली झडप चालत असेल तोवर तिला तोड नाही.

बदलणं अटळ असेल तर खरा पेच मुलीच्या बाबतीतच येतो. अमेरिकेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एओर्टिक जागी ५० वर्षांखाली आणि माइट्रल जागी ६५ वर्षांखाली यांत्रिक झडप बरी धरतात. पण यांत्रिक झडपेला लागणारी रक्त पातळ करणारी गोळी, वॉरफरिन, गर्भाला इजा करू शकते, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात. ती बंद केली तर यांत्रिक झडपेवर गुठळी होऊन आईचा जीव धोक्यात येतो. ऊतीची झडप बसवली तर बाळंतपण सोपं जातं, पण तिशीत दुसरं ऑपरेशन जवळपास ठरलेलं. मूल हवं आहे का, कधी, हे ऑपरेशनच्या आधी बोला आणि मुलीला समोर बसवून बोला. नुसता मामा आणि वडील यांच्यात हा निर्णय होऊ नये.

जनुक बदललेल्या ऊतीची खरी गरज कोणाला असेल तर या वयाच्या रुग्णांना. ऐंशीच्या आजोबांना आजची झडपही पुरते.

८. आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो. यांत्रिक झडप आहे. आयएनआर कसं सांभाळायचं?

आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप. यांत्रिक एओर्टिक झडपेला साधारण २ ते ३, माइट्रलला २.५ ते ३.५ ठेवतात. कमी झालं तर गुठळी, जास्त झालं तर रक्तस्राव. फडावर तीन गोष्टींनी घोटाळा होतो.

गोळी चुकते. वेळ संध्याकाळची ठरवा आणि पट्टीवर तारीख लिहा. चुकलेल्या दिवसाची गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करून घेऊ नका.

अंगदुखीसाठी टपरीवरून किंवा मुकादमाकडून डायक्लोफेनॅकसारखी गोळी घेतली जाते. रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर ती पोटात रक्तस्राव करू शकते. दुखलं तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, आणि तेही रोज भरमसाट नाही.

थंडीत करडईची, हरभऱ्याची, मेथीची भाजी एकदम वाढते. हिरव्या पाल्यात क जीवनसत्त्व नव्हे, के जीवनसत्त्व असतं आणि ते गोळीचा जोर कमी करतं. भाजी बंद करायची गरज नाही. आठवडाभरात साधारण सारखी खा.

निघण्याआधी आयएनआर करा, शेवटचा आकडा आणि मात्रा वहीत लिहा, आणि कारखान्याजवळच्या तालुक्याच्या गावी निदान महिन्यातून एकदा तपासा. आकडा हलत असेल तर आठवड्याने. पेनिड्युर घेण्याआधी आयएनआर जास्त नाही ना ते पाहा आणि सुईची जागा किमान पाच मिनिटं दाबून धरा, नाहीतर स्नायूत रक्त साकळतं. रिव्हारोक्साबॅन, डाबिगाट्रान या नव्या गोळ्या यांत्रिक झडपेला चालत नाहीत.

९. ऊतीची झडप बसवली की रक्त पातळ करायची गोळी कायमची सुटली ना?

प्रत्येकाची सुटत नाही. साधारण पहिले तीन महिने, विशेषतः माइट्रल जागी, ती देतात आणि मग बऱ्याचदा रोज ७५ ते १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिनवर आणतात. पण जुन्या माइट्रल आजारात कर्णिका फुगून ठोके अनियमित होतात, ज्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. ते असेल तर झडप कसलीही असो, गोळी चालूच. त्यामुळे ठोके कायमचे अनियमित असलेल्या तरुण रुग्णाने "गोळी नको" एवढ्याच कारणासाठी ऊतीची झडप निवडण्यात अर्थ उरत नाही. जनुक बदललेली झडप आली तरी हे गणित तेच राहील.

१०. कारखान्यात ही झडप कशी बनते? जनुक बदललेल्या ऊतीने तिथे काय बदलेल?

आजची पद्धत: कत्तलखान्यातून हृदय किंवा आवरण थंड ठेवून आणतात, चरबी काढतात, धुतात, ग्लुटाराल्डिहाइडमध्ये पक्कं करतात (सुमारे ०.६ टक्के द्रावण नेहमीचं), कॅल्शियम रोखण्यासाठी अल्कोहोल वगैरेची प्रक्रिया देतात. मग सारख्या जाडीची पाती कापून सूक्ष्मदर्शकाखाली हाताने शिवतात. पाती वेगवेगळ्या जाडीची निघाली तर ताण एका पात्यावर येतो आणि तेच आधी फाटतं. यंत्रावर ऊतीच्या झडपेला किमान २० कोटी वेळा उघडझाप करून दाखवावी लागते. हृदय वर्षाला साडेतीन-पावणेचार कोटी ठोके मारतं, म्हणजे ही परीक्षा पाचेक वर्षांची झाली. त्या यंत्रात रक्त नसतं, प्रतिपिंडं नसतात. म्हणून प्रश्न ४ मधला दोष यंत्रावर कधीच दिसत नाही.

जनुक बदललेल्या ऊतीत शिवण, चौकट, रसायन तेच. फरक कच्च्या मालात. ही डुकरं खाटकाकडून मिळत नाहीत. बंदिस्त, रोगमुक्त कळप पाळावा लागतो, प्रत्येक जनावराची नोंद आणि ऊतीवर अल्फा-गॅल खरंच नाही याची रंगचाचणी करावी लागते. किंमत वाढेल ती इथे.

शस्त्रक्रियागृहातही चुका होतात. साठवणीचं ग्लुटाराल्डिहाइड उत्पादकाने सांगितलेल्या वेळा सलाइनमध्ये धुवावंच लागतं, आणि पाती शिवेपर्यंत ओली ठेवावी लागतात. सुकलेलं पातं नंतर तडकतं.

११. डुकराचे रोग अंगात येतील का? प्रतिकारशक्ती दाबायची औषधं लागतील का?

पक्क्या केलेल्या झडपेत जिवंत पेशी नसतात आणि ग्लुटाराल्डिहाइड विषाणूही निकामी करतं. अशा झडपा गेली पन्नासेक वर्षं वापरात आहेत आणि त्यांना ती औषधं लागत नाहीत. भीती येते ती अख्ख्या हृदयाच्या बातम्यांवरून. जानेवारी २०२२ मध्ये मेरीलँड विद्यापीठात १० जनुकीय बदल केलेलं डुकराचं हृदय एका रुग्णाला बसवलं; तो सुमारे दोन महिने जगला आणि त्या हृदयात डुकराचा सायटोमेगॅलो विषाणू सापडला. ते हृदय जिवंत होतं. भारतात त्याही आधी, १९९७ मध्ये, आसामचे डॉ. धनीराम बरुआ यांनी डुकराचं हृदय बसवलं, रुग्ण दगावला आणि डॉक्टरांना अटक झाली. त्या डुकरात जनुकीय बदल नव्हता. झडपेचा या दोन्हींशी संबंध नाही.

१२. मी माळकरी आहे. शेजारी मुसलमान कुटुंब आहे, त्यांचाही हाच प्रश्न. प्राण्याचं नको असेल तर?

तर यांत्रिक झडप आहे. ऊतीत डुक्कर की गोवंशीय, हेही आधी विचारता येतं आणि डॉक्टरांनी ते सांगायलाच हवं. जनुक बदलल्याने डुक्कर डुक्करच राहतं, श्रद्धेच्या दृष्टीने काही बदलत नाही. जीव वाचवण्याच्या गरजेपोटी अनेक मुस्लिम धर्मविद्वानांनी अशा उपचाराला मुभा दिली आहे. शंका असेल तर आपल्या मौलानांशी किंवा महाराजांशी ऑपरेशनच्या तारखेआधी बोला, भूल दिल्यावर नाही. एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: हृदय-फुप्फुस यंत्रावर घेताना रक्त गोठू नये म्हणून दिलं जाणारं हेपरिन बहुतांशी डुकराच्या आतड्यापासून बनतं. यांत्रिक झडप निवडली तरी ते लागतंच.

१३. मटण खाल्लं की काही तासांनी अंगावर पित्त उठतं. ऊतीची झडप चालेल?

हे जरूर सांगा. मांस खाल्ल्यावर दोन ते सहा तासांनी पित्त, पोटदुखी, घसा आवळणं असं होत असेल तर अल्फा-गॅलची ॲलर्जी असू शकते. ती गोचीड चावल्यानंतर सुरू होते. गुरांमागे हिंडणाऱ्याने ते ध्यानात ठेवावं. रक्तात अल्फा-गॅलविरुद्धचं आयजीई (ॲलर्जीचं प्रतिपिंड) तपासता येतं. ती ॲलर्जी असेल तर ऊतीची झडप, हेपरिन आणि जिलेटिनच्या सलाइनचा निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो. अल्फा-गॅल नसलेली झडप अशा रुग्णांना सरळ उपयोगी पडेल.

१४. रक्तगट जुळवावा लागतो?

नाही.

१५. जनुकांच्या भानगडीत कशाला पडायचं? पेशी धुऊन काढल्या की झालं!

करून पाहिलंय. व्हिएन्नाच्या सर्जनांनी पेशी काढलेल्या डुकराच्या झडपा चार मुलांना बसवल्या आणि २००३ मध्ये निकाल मांडले: तीन मुलं दगावली. झडपांत तीव्र दाह आढळला. पेशी गेल्या तरी साखरा आणि प्रथिनं सांगाड्यात उरली होती, आणि ग्लुटाराल्डिहाइडचं संरक्षणही नव्हतं. आता संशोधक दोन्ही एकत्र करतात: आधी जनुक बंद, मग पेशी धुणं.

१६. बाळाला बसवली तर झडप बाळाबरोबर वाढेल?

पक्की केलेली ऊती वाढत नाही, जनुक बदललेली असली तरी. वाढायला ती जिवंत हवी. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक रुग्णालयात नवजात बाळाला मानवी दात्याच्या जिवंत झडपा बसवल्या आणि त्या वाढल्या. त्याला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागतात. डुकराच्या जिवंत झडपांवर तसंच काम प्राण्यांत चालू आहे.

१७. माकडांवर यशस्वी झालं तर माणसावरही होणारच ना?

इथे एक विचित्र अडचण आहे. आफ्रिका-आशियातल्या माकडांत अल्फा-गॅल नसतं, पण एनयू५जीसी असतं. त्यामुळे ती साखर काढल्याचा फायदा माकडात मोजताच येत नाही. उलट तिन्ही जनुकं बंद केलेल्या ऊतीत माकडाला नवंच काहीतरी परकं दिसतं, जे माणसाला दिसत नाही. म्हणजे माकडातलं अपयश माणसाला लागू होईलच असं नाही, आणि यशही.

१८. उद्या चाचणीत भाग घ्यायला सांगितलं तर काय विचारू?

चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीतला म्हणजे सीटीआरआयचा क्रमांक, नीतिसमितीच्या परवानगीचं पत्र, आणि मराठीतलं संमतीपत्र. त्याची सही केलेली एक प्रत घरी न्यायची. तुलना कोणत्या झडपेशी आहे, इको किती वर्षं आणि कुठे होणार, येण्याजाण्याचा खर्च कोण देणार, झडप निकामी झाली तर दुसरं ऑपरेशन कोणाच्या खर्चाने, हे लेखी घ्या. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई हा हक्क आहे. मध्येच बाहेर पडता येतं, मात्र बसवलेली झडप काही परत काढत नाहीत.

१९. आत्ता लागणाऱ्या झडपेचा खर्च कोणत्या योजनेत बसतो?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. संलग्न रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका आणि आधार घेऊन जा. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम लागू होतो. शाळा-अंगणवाडीत येणारं तपासणी पथक किंवा जिल्हा रुग्णालय ही त्याची वाट. पॅकेजमध्ये कोणत्या जातीची झडप येते हे दाखल होण्याआधी विचारा, नाहीतर निवड आपोआप झालेली असते.

२०. ऊतीची झडप खराब झाली की पुन्हा छाती उघडावीच लागते का?

दर वेळी नाही. मांडीतल्या रक्तवाहिनीतून नवी झडप नेऊन जुनीच्या आत उघडतात. पण जुनी झडप १९ किंवा २१ मिलिमीटरची असेल तर आत दुसरी बसल्यावर वाट फार अरुंद होते. म्हणून पहिल्या ऑपरेशनआधीच सर्जनला विचारा: मोठ्या मापाची बसेल का, त्यासाठी मूळ कडं रुंद करता येईल का? झडपेचं कार्ड, ज्यावर प्रकार, माप, जागा आणि अनुक्रमांक असतो, त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. दात काढायला गेलात तरी ते दाखवा: झडपेला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून त्याआधी अर्धा ते एक तास २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन द्यावं लागतं, पेनिसिलिन चालत नसेल तर ५०० मिलिग्रॅम ॲझिथ्रोमायसिन.